पंचवीस व्होल्टचा कपॅसिटर

पारोळ्याच्या कौतिक मिस्तरीला लोक भित्रा म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. तीस वर्षं टीव्ही, मिक्सर उघडले. पण बंद केल्यावरही झटका देणारा आतला कपॅसिटर बल्ब लावून रिकामा केल्याशिवाय गड्यानं कधी बोट लावलं नाही. गिऱ्हाईक खोळंबलं तरी बेहत्तर. नेमकं जिथं भ्यायचं, तिथं मात्र एप्रिलमधल्या त्या सकाळी तो भ्यायला विसरला.

निंबा नाना मळ्यातल्या घरात राहायचे. फुप्फुसं निकामी झालेली, श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर. सकाळी ते मशीन बंद पडलं आणि नानांना सिलिंडर लावावा लागला. मशीनच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर फुगला होता. कौतिकनं तिथंच मीटर लावला: एकवीस व्होल्ट. जुना कपॅसिटर पन्नास व्होल्टपर्यंत सोसणारा होता, पण तेवढा डब्यात नव्हता. एकविसाला पंचवीसचा पुष्कळ झाला, म्हणून त्यानं तोच टाकला. मशीन घुमू लागलं. नानांचा मुलगा रिकामा सिलिंडर भरायला धुळ्याला गेला, कौतिक खुशीत दुकानावर परतला.

सव्वातीनला एक गिऱ्हाईक उठलं. चारला शेतपंपांची थ्री फेज लाइट जाते, त्याआधी पिकाला उरलेलं पाणी देऊन घेतो म्हणालं. तेव्हा कुठं कौतिकच्या ध्यानात आलं. सकाळी मीटर लावला तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी चालू होत्या. त्यांच्या ओढीनं घरात लाइट जेमतेम एकशेऐंशी व्होल्ट. चारला मोटारी थांबल्या की ती अडीचशेवर जाणार, मशीनमधल्या एकविसाचे एकोणतीस होणार आणि पंचवीसचा कपॅसिटर फुटणार. जन्म याच लाइटीत काढलेल्या माणसाला हे सुचू नये? फोन करून मशीन बंद करायला सांगावं, तर सिलिंडर धुळ्याला, नानांच्या श्वासाचं काय?

बाजारातून पन्नासचा कपॅसिटर घेऊन त्यानं मोटारसायकल हाणली. वाटेत विहिरीवरची मोटार ऐकू आली की जीव भांड्यात पडे, अन् पुढच्या शेतापर्यंत पुन्हा टांगणीला लागे.

नानांच्या उशाशी त्यांची बायको बेबाबाई बसली होती. नुसतं तपासायला आलो म्हणणं सोपं होतं. तरी कौतिक म्हणाला, "अक्का, मन्हा हाते चूक व्हयनी. धा मिनिट मशीन बंद करनं पडी."

तिनं नानांना पाठीला आधार देऊन बसवलं आणि स्वतःच प्लग काढला. कौतिकचा कथलाचा डाग दोनदा चुकला. मागे नानांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, ओठ काळवंडत होते. वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. दहाची बारा मिनिटं झाली.

मशीन सुरू झालं. थोड्या वेळानं मळ्यातल्या मोटारी एकेक करून गप्प झाल्या. मीटर एकोणतीसवर चढला आणि तिथंच राहिला.

यापुढे जळगावचा कंपनीचा माणूस बोलवा, माझी लायकी नाही, असं कौतिक खाली मान घालून म्हणाला. बेबाबाई नानांचा घाम पुसत होती.

"जयगावना मानूस असा पयत उना असता का, भाऊ?"

तरी दिवस मावळेपर्यंत कौतिक उठला नाही; मीटरचा आकडा बघत बसून राहिला.