चाळीस दिवसांचं वचन

छापखान्यात त्याला सगळे ‘चष्मा’ म्हणत. मुद्रितं तपासण्याचं काम तो सव्वीस वर्षं करत होता, आणि त्याची रीत एकच: पान शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत पहिल्या शब्दापर्यंत यायचं. नवख्यांना तो बजावायचा, "अर्थात शिरलात की चूक निसटते." या रीतीने धर्मग्रंथाच्या अकरा आवृत्त्या त्याच्या हाताखालून बिनचूक गेल्या होत्या. ग्रंथात काय लिहिलंय ते मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. ते पाहायचा पगार त्याला मिळत नव्हता.

घरी ते खातं वडिलांकडे होतं. त्याच ग्रंथातून निवडलेली नित्यपाठाची छोटी पुस्तिका त्यांना तोंडपाठ होती, आणि तिच्यातलं एक वचन त्यांनी बावीस वर्षं दाराला कडीसारखं लावून ठेवलं होतं: ‘जी वेशीबाहेर गेली, तिला पुन्हा घरात घेऊ नये.’ धाकट्या लेकीने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, त्या दिवसापासून. आई झुरून झुरून गेली. आता वडिलांनीही अंथरूण धरलं होतं. ज्यांना भेटायचं असेल त्यांनी या आठवड्यातच भेटून जावं, असं डॉक्टरांनी त्याला बाहेर घेऊन सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात टेबलावर ग्रंथाची सटीप आवृत्ती आली. कुठली टीप कुठल्या वचनाची, हे ताडून पाहायचं होतं. त्यासाठी नाइलाजाने सरळ वाचावं लागलं. त्या वचनाखाली टीपकाराने लिहिलं होतं: नदीपलीकडच्या गावांत तेव्हा साथ होती. मागची तीन वचनं विहिरी झाकण्याबद्दल आणि कपडे जाळण्याबद्दल आहेत. तिकडे जाऊन आलेल्या बाईला तेवढ्यापुरतं वेगळं ठेवायचं होतं. पुढचं वचन पुस्तिकेत जागेअभावी गाळलं होतं. ते असं: ‘चाळीस दिवस सरल्यावर दार उघडावे, तिला आधी जेवू घालावे.’

तो पान खिशात घालून तडक घरी गेला आणि वडिलांच्या उशाशी बसून त्याने सगळं वाचून दाखवलं.

"चाळीस दिवस?" वडील म्हणाले.

"हो, बाबा."

"हे ग्रंथात पहिल्यापासून आहे?"

"आहे."

"तू किती वेळा वाचलास ग्रंथ?"

"अकरा."

"मग गाढवा, आज सांगतोस?"

"मी उलटं वाचतो, बाबा."

वडील म्हणाले, "बोलाव तिला. आणि ती टीप वाचून दाखव. नुसतं बोलावलंस तर म्हणेल, म्हातारा मरायला टेकला म्हणून विरघळला."

त्याने जिन्यात उभं राहून बहिणीला फोन लावला. टीप वाचली, साथ, विहिरी, कपडे, काही गाळलं नाही.

"छान आहे," ती म्हणाली. "दादा, एक विचारू? त्या गावांत साथ आलीच नसती, तर?"

"तर काय?"

"तर बाबांनी मला बोलावलं असतं?"

त्याने हातातल्या पानाकडे पाहिलं. या प्रश्नावर तिथे टीप नव्हती.

"पोथीनं बाहेर काढलं, आता पोथीच आत घेतेय," ती म्हणाली. "यात बाबा कुठं आहेत? आणि तू रे? तुला फोन करायला कुठलं वचन आड आलं होतं?"

तो काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात तिने फोन ठेवला.

"काय म्हणाली?" खोलीत शिरताच वडिलांनी विचारलं.

"विचार करून सांगते म्हणाली."

"करू दे," वडील म्हणाले. "तिलाही वेळ लागणारच." आणि ते दाराकडे तोंड करून पडून राहिले.