शिकरणाचं समीकरण

माझ्या थोरल्या भावाच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटण्याच्या पंगतीला, साडेतीनशे माणसं जेवणार होती आणि त्यांच्या शिकरणासाठी मी एक अवकल समीकरण, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन, मांडलं. समीकरण सुटलं. शिकरण झालं नाही.

अण्णा इच्छापुरच्या मळ्यात केळीला पाणी द्यायला गेले आणि बांधावर बसल्या जागी संपले. (माणूस इतका शिस्तीचा, की जाण्याआधी मोटर बंद केली होती!) मागे राहिल्या वहिनी, कॉलेजात केमिस्ट्री शिकणारी मयुरी आणि कापणीला आलेली बाग. वहिनी त्या दिवसांत बोलतच नव्हत्या. बोलल्या त्या एवढंच, "भाऊजी, पंगतीला त्यांच्याच हातच्या केळ्यांचं शिकरण वाढायचं. बाजारातलं एक केळं नको."

घड आले रविवारी. हिरवेगार, कच्चे, फेकून मारले तर बैल आडवा व्हावा असे! आणि गंधमुक्ती गुरुवारी.

त्याच दिवशी वहिनींचे भाऊ, धूलकोटचे दादा, बैठकीत पाय पसरून म्हणाले, "पोरीचं शिक्षण आता बास. तो केमिस्ट्रीवाल्यांचा गणिताचा पेपर एकदा राहिलाच ना? रावेरचं एक स्थळ आहे. वर्षाच्या आत उरकून टाकू."

आता मी गणिताचा मास्तर. लोधीपुऱ्यात माझी शिकवणी. अख्ख्या बुऱ्हाणपुरात असा इंजिनियर नाही, ज्याच्या पाठीत माझा धपाटा बसलेला नाही. (असतील दोन-चार. ते दुसरीकडे जायचे.) माझ्यासमोर गणिताचा अपमान?

"दादा, मी शिकवतोय तिला. पेपर निघेल."

"निघून काय करायचं मास्तर? केमिस्ट्रीवाल्याला गणित लागतंच कशाला? घरच्या केळ्याला तरी कामी येतं का?"

"येतं!" मी गरजलो. सुतकातल्या घरात गरजू नये, पण गरजलो. "गुरुवारी सकाळी साडेतीनशे माणसांची केळी पिवळीधमक काढून दाखवतो, गणिताने! निघाली तर पोरगी शिकणार."

"आणि नाही निघाली तर?"

"तर तुमचं रावेर!"

मयुरी दारात उभी होती. रडून सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, शर्त मेरे ऊपर लगाई? मला न विचारता?"

मागच्या खोलीत आढी लावली. खाली कडबा, वर घड, खिडकीला गोणपाट. मी वही उघडली. पहिल्या क्रमाची अभिक्रिया! जितकी कच्ची केळी शिल्लक, तितका पिकण्याचा वेग. शिवाय दहा अंशांनी ऊब वाढली की वेग दुप्पट, हे मयुरीच्याच पुस्तकात होतं. म्हणून कोळशाच्या दोन शेगड्या आत.

"काका, हे पहिल्या क्रमाचं नाहीये," मयुरी म्हणाली. "पिकलेलं केळं बाजूच्याला पिकवतं. म्हणजे वेग कच्ची आणि पिकलेली, दोघांच्या गुणाकारावर. या घडात डझनभर पिवळी आहेत बघा. ती पण धरायची."

"कुठे हजार केळी, कुठे डझन! लहान पद आहे ते. लहान पद सोडून द्यायचं असतं!"

"सुरुवातीला लहान आहे. नंतर तेच मोठं होतं ना! शेगडी नको. बुधवारी दुपारी उघडू, बस."

मी तिच्या वहीत तिचं पद लाल पेनाने काटलं. वर समजावलं, "बेटा, एवढ्यामुळेच तुझा पेपर राहिला."

सोमवारी आत डोकावलो. हिरवी. मंगळवारी हिरवी. माझ्या आलेखाप्रमाणे निम्मी पिकायला हवी होती! दादा अंगणातून रोज विचारायचे, "काय मास्तर, रावेरला कळवू का?" मी तिसरी शेगडी ठेवली. मयुरी मागे मागे, "काका, असंच असतं! आधी काहीच नाही, मग एकदम!" मी चौथी ठेवली.

बुधवारी दुपारी ती किल्ली मागायला आली. "अभी निकालो काका, आत्ताच काढा."

"आत्ता उघडलं तर ऊब जाईल! उद्या सकाळचं उत्तर आहे माझं."

किल्ली मी जानव्याला बांधली.

गुरुवारी सकाळी सगळ्या भाऊबंदांसमोर दार उघडलं. आधी वास बाहेर आला. मग चिलटं. मग पुन्हा वास. मी मोठ्या तोऱ्यात पहिला घड उचलला. दांडा माझ्या हातात आला, केळी जमिनीवरच राहिली! काळी, कोळशासारखी. कडब्याखालून पाझर वाहत होता. मागे सरकलो तर पाय घसरला आणि अण्णांच्या अख्ख्या बागेवर मी बसलो.

कुणी हसलं नाही. (हसले असते तर बरं झालं असतं.)

वहिनी आल्या. एक केळं उचललं, ते तळहातातच फुटलं. हात पदराला न पुसता हळूच म्हणाल्या, "थंडीत रात्र रात्र जागले होते हो या बागेसाठी."

मी खाली बसलेलाच होतो. आणखी खाली जायला जागा नव्हती.

"ठरलं तर," दादांनी मोबाइल काढला. "हरलं तुमचं गणित."

"थांब दादा." इतक्या दिवसांत वहिनींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मयू, तुझं काय उत्तर होतं?"

"शेगडी न ठेवता कालच उघडायचं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगितलं, आई. काका म्हणाले, सोडून दे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर गणिताच्या परीक्षकाकडेही नसते. "दादा, शर्त गणितावर होती ना? गणित नाही हरलं. भाऊजी हरले. पोरगी शिकेल."

दादांनी मोबाइल खिशात घातला. पंगतीला वरण-बट्टी झाली. अण्णांच्या फोटोपुढच्या ताटात शिकरणाची वाटी रिकामीच ठेवली होती. वहिनींनी ती मुद्दाम ठेवली होती, आणि मला बरोबर तिच्यासमोर बसवलं होतं.

पुढे मयुरीचा पेपर झाला. त्यात नेमकं हेच विचारलं होतं: तयार होणारा पदार्थच वेग वाढवत असेल तर समीकरण मांडा. तिने ते कुठलंही पद न सोडता मांडलं आणि पूर्ण गुण मिळवले. नशीब पोरीचं, उत्तरपत्रिका माझ्याकडे तपासायला आली नाही. मी शून्य दिलं असतं, आणि खाली लाल पेनाने लिहिलं असतं, 'घरात कुणी शिकलेलं असेल तर त्याला विचारत जा!'