भट्टीचं झाकण

एका दुष्काळात चौसाळ्याजवळच्या बायकांच्या सहकारी संस्थेत मी एकदाच गेलो. ढाब्यांवरच्या काचेच्या रिकाम्या बाटल्या तिथल्या बायका भट्टीत मऊ करत. भाजलेल्या मातीच्या साच्यात बाटल्या वितळून बसल्या की त्यांचे ट्रे होत. बहिणीच्या वास्तुशांतीला मला एक हवा होता.

भट्टीवरच्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. काच चिकटू नये म्हणून साच्याला पांढरी भुकटी लावताना त्यांचा हात तान्ह्याच्या गालावरून फिरावा तसा फिरे. बाटल्या धुतलेलं पाणी त्या दारातल्या लिंबाला घालत.

"सकाळी या, सर. निवल्याबिगर भट्टी उघडायची न्हाई."

"माझी बहिणीकडे जायची बस चुकेल. मी विज्ञान शिकवतो, बाई. जरा फट केली तर काही होत नाही."

सर म्हणतात म्हणून त्यांनी झाकण बोटभर उचललं. आत टण् टण् आवाज झाला. सगळे ट्रे तडकले.

अध्यक्षबाई धावत आल्या. "कुणी उघडली?"

मी घड्याळात पाहू लागलो.

"म्याच. मला दम निघंना," बाई म्हणाल्या.

"मग उद्यापासून भट्टीला हात लावायचा न्हाई तुमी."

मी पिशवी उचलली. बाईंनी फळीवरचा एक जुना ट्रे पदराने पुसून माझ्यापुढे धरला. "घ्या, सर. बहिनीकडं मोकळ्या हातानं जाऊ नका."

वर्गात काच सावकाश का निववतात हे शिकवताना मी अजून हीच गोष्ट सांगतो. म्हणतो, "एका बाईंनी घाई केली."