अक्तावमध्ये वर कुठे असतं

बातिमाला एका जागी बसवायचं तर तिला तारेलाच बांधून ठेवायला हवं, असं तिचा नवरा म्हणायचा. तसं बघितलं तर तिची सगळी नोकरी तारेला बांधलेलीच गेली. अल्माती शहरात ती ट्रॉलीबस चालवत होती. ट्रॉलीबसला तारा सोडून कुठे जाता येत नाही. वरती तार जाईल तिकडे खाली गाडी जाणार, आणि पुढे कुणी मूर्खासारखी मोटार लावून ठेवली असेल तर ती निघेपर्यंत मागे उभं राहायचं. हे उभं राहणं बातिमाला आयुष्यात कधी जमलं नाही. ती खाली उतरायची, मोटारीच्या टपावर थापा मारायची, मालकाला चहाच्या दुकानातून बखोटीला धरून बाहेर काढायची. दोनदा तिची तक्रार गेली. तिसऱ्यांदा वरिष्ठांनीच कंटाळून कागद फाडून टाकला.

अल्मातीत कुणी डावं-उजवं विचारत नाही. डोंगराकडे ते वर, डोंगरापासून लांब ते खाली. अबाय रस्त्याच्या थोडं वर, कोपऱ्यावरचं घर, एवढं सांगितलं की झोपेतला माणूससुद्धा पोचतो. सगळं शहरच उतारावर. रस्त्याकडेच्या पाटांतलं पाणी खाली धावतं, सुटलेला चेंडू खाली धावतो. डोंगर दक्षिणेला, म्हणजे वर म्हणजे दक्षिण, यात विचार करण्यासारखं काय आहे? माणसंसुद्धा वरची आणि खालची. वर श्रीमंत, स्वच्छ हवा आणि सफरचंदाच्या बागा; खाली धूर, बाजार आणि रेल्वेचे रूळ. बातिमा रुळांच्याही खालची. पण दिशा मात्र तिच्या पायांत होती, डोक्यात नव्हे. चाकाला किंचित चढ लागला की तिला दक्षिण कळायची.

नवरा गेला. मेरुयेर्त या एकुलत्या एक मुलीने देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅस्पियनच्या काठावर अक्तावला, लग्न केलं. जावई तेलविहिरींवर, पंधरा दिवस घरी, पंधरा दिवस वाळवंटात. नातू झाला म्हणून बातिमा आली आणि राहिली. नातू बालवाडीत जायला लागल्यावर मात्र तिचे हाल सुरू झाले. तिने कपाटं या भिंतीवरून त्या भिंतीला नेली, मग परत आणली. मेरुयेर्त म्हणायची, आई, बस ना जरा. बातिमा खिडकीशी बसायची, आणि बसल्या बसल्या पाय हलवून खालच्या मजल्यावरच्यांना वैताग आणायची.

बाहेर पडावं तर अक्तावच्या रस्त्यांना नावंच नाहीत. घराचा पत्ता म्हणजे तीन आकडे: विभागाचा, इमारतीचा आणि घराचा. बरं, आकडे तरी ओळीने असावेत. सातच्या शेजारी आठ असेल ही अपेक्षा वेशीबाहेर ठेवूनच या गावात शिरायचं. इथले लोक मात्र आकड्यांत जन्मलेले. मी सातची, नवरा अकराचा, सासू अजून चारलाच आहे, असं बायका बाजारात सहज सांगतात. आणि बोलणं कसं, तर दगड फोडल्यासारखं. अल्मातीत दुकानदारसुद्धा दोनदा लाडाने हाक मारून मग पैसे मागतो. इथले अदाय जमातीचे लोक दारात उभं राहून विचारतात, काय हवंय? त्यात राग नसतो. पण बातिमाला हे कळायला एक हिवाळा गेला, आणि तोवर तिने निम्म्या जिन्याशी भांडून घेतलं होतं.

शेवटी तिने स्वतःच जाऊन नोकरी मागितली. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत अशा रुग्णांना आठवड्यातून तीनदा घरून आणायचं, यंत्राला लावलं की थांबायचं आणि परत सोडायचं, अशी एक व्हॅन होती. तिचा चालक पळून गेला होता. डायलिसिस केंद्राचा व्यवस्थापक साघिंदिक हा मानेपेक्षा डोकं लहान असलेला माणूस. त्याने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बाईमाणूस. त्यात अल्मातीची."

"मी ट्रॉलीबस चालवलीय, शिवणयंत्र नाही," बातिमा म्हणाली.

तो हसला नाही, पण किल्ली दिली. चाचणीवर म्हणून. तिला गावांकडचा फेरा मिळाला. शहरातले आकडे तिच्याकडून होणार नाहीत हे त्याला बघताक्षणी कळलं असावं.

उशीर म्हणजे काय, ते त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यंत्रं मोजकी. एका तुकडीनंतर दुसरी येऊन बसलेली असते. उशिरा आलेल्याची वेळ पुढे ढकलत नाहीत, कापतात. मग अंगातलं पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात, रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो. बातिमाला दोनदा उशीर झाला होता, दोन्ही वेळा रस्ता चुकून. साघिंदिकने आवाज न चढवता सांगितलं, की पुन्हा झाला तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि जायचं, मला हाकही मारायची नाही. बातिमा त्या दिवशी घरी येऊन मुलीला काही बोलली नाही. नोकरी गेली तर पुन्हा ती खिडकी, ती कपाटं आणि ते बस ना जरा. नाहीतर अल्मातीला बहिणीच्या स्वयंपाकघरात कॉट टाकून पडणं, आणि तेही तिला नको होतं. तिला चाक हवं होतं.

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटलेला. अक्शुकूर गावातून तिने आपली माणसं घेतली. पुढे उल्मेकेन आपा, जिला खारट चीज खायला बंदी होती आणि जिच्या खिशात ते कायम असायचं. मागे कोनिस्बाय आगा, एके काळी उंटांचा कळप राखलेला, सत्तरीचा, मिटल्या डोळ्यांनीही जागा असणारा माणूस. आणखी दोघं होते, ते झोपले होते. गावाबाहेर घुमटांचं जुनं कबरस्तान लागलं तशी सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले. पहिल्या आठवड्यात बातिमाला वाटलं होतं की ही माणसं धूळ पुसताहेत. आता तीही मृतांसाठी ओठातल्या ओठात काही म्हणायची, पण हात चाकावरच ठेवून. ट्रॉलीबसच्या शाळेत सगळ्यात आधी तेच शिकवलं होतं.

पुढे रस्त्याचं काम चाललेलं. खडीच्या वळणरस्त्यावर गाड्या सोडल्या होत्या. धुळीने समुद्र पुसून टाकलेला, सूर्याचा पत्ता नाही. वळणरस्ता एका ठिकाणी दुभंगला आणि तिथली पाटी वाऱ्याने आडवी केलेली. बातिमाने क्षणभर ब्रेकवर पाय ठेवला. शहर दक्षिणेला आहे एवढं तिला ठाऊक होतं. एका वाटेला किंचित चढ होता. तिच्या पायांनी परस्पर निर्णय घेतला आणि ती चढाला लागली. उल्मेकेन आपा सुनेच्या चहाची निंदा करण्यात गुंग होती, कोनिस्बायचे डोळे मिटलेले.

बरंच पुढे गेल्यावर धुळीतून एक राखाडी मोटार दिसली. बॉनेट उघडं, शेजारी एक माणूस. त्याने एक हात वर केला.

अल्मातीत हात वर करणारा म्हणजे पैसे देऊन कुणाच्याही मोटारीत बसू बघणारं गिऱ्हाईक. काच खाली करायची, कुठे जायचं, किती देणार, पटलं तर बस नाहीतर लाग चालायला. रुग्णांनी भरलेल्या गाडीत गिऱ्हाईक कुठे घेणार? आणि उशीर झालेलाच होता. बातिमाने चाक जरासं फिरवलं आणि त्याच्या शेजारून व्हॅन काढली. मागे धुळीचा लोट उठला.

सुनेचा चहा अर्ध्यावर थांबला. झोपलेले दोघंही जागे झाले होते.

"थांबली का नाहीस?" मागून कोनिस्बायने विचारलं.

"आगा, उशीर होतोय."

"मी वेळ नाही विचारली."

"त्याची गाडी बंद पडलीय, इतकंच. फोन करेल की कुणाला."

"तुझा फोन बघ."

बातिमाने बघितलं. फोनवर एकही रेघ नव्हती. उल्मेकेन आपा काचेला नाक लावून बाहेर बघत होती.

"आणि ही कुठे नेतेयस आम्हाला?" ती म्हणाली.

"शहरात."

"बाई गं, या रस्त्याला शहर नाही. या रस्त्याला उंट आहेत."

"वर तर चढतोय आपण," बातिमा म्हणाली. "वर म्हणजे दक्षिण."

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. कोनिस्बाय हसला नाही. "अय् अल्माती, इथे तुझा डोंगर कुणी आणून ठेवला? समुद्र पश्चिमेला, चढ पूर्वेला. तू आम्हाला समुद्राकडे पाठ करून नेतेयस."

बातिमाने व्हॅन थांबवली. इतक्या महिन्यांत ती या गावात प्रत्येक वेळी दिशेत पाव वळसा चुकत होती आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगणार तरी कोण? वर कुठे असतं हा काय विचारायचा प्रश्न आहे?

कोनिस्बायने मग सगळं सपाट आवाजात मांडलं. पुढे तेलाच्या पाइपलाइनच्या कडेने एक वाट हमरस्त्याला मिळते. त्या वाटेने गेली तर कदाचित वेळेत पोचेल. मागे फिरली तर तो माणूस मिळेल आणि वेळ जाईल.

"गाडी तुझी. तू ठरव."

"वेळ गेला तर तुमचीच कापली जाईल ना," बातिमा चिडून म्हणाली. "तुमचे पाय सुजतील, माझे नाही. तुम्ही का नाही सांगत?"

"माझे पाय मला माहीत आहेत," उल्मेकेन आपा म्हणाली. "पण माणसाच्या तोंडावर धूळ उडवून आले, हे मी घरी कसं सांगू?"

बातिमाने पुढच्या वाटेकडे बघितलं. किल्ली, साघिंदिकचं टेबल, खिडकी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिने स्वतःलाच एक शिवी घातली, अल्मातीच्या खालच्या भागातली, जिचा अर्थ तिथे कुणालाच कळला नाही, आणि व्हॅन फिरवली.

राखाडी मोटार होती. बॉनेट बंद होतं. माणूस नव्हता. शेजारी दुसऱ्या गाडीच्या चाकांच्या ताज्या खुणा, वाऱ्याने बुजत चाललेल्या. बातिमा उतरली, मोटारीभोवती फिरली, तोंडाभोवती हात धरून चारी दिशांना ओरडली. मोटारीखालीसुद्धा वाकून बघितलं.

"नेला कुणीतरी," कोनिस्बाय खिडकीतून म्हणाला. "चल आता."

"कुणी नेला?"

"कुणीही. जो आला त्याने. बस गाडीत."

केंद्रावर पोचले तेव्हा दुसरी तुकडी बाकांवर येऊन बसली होती. साघिंदिक दारातच उभा. बातिमाने तोंड उघडायच्या आत उल्मेकेन आपा खाली उतरली आणि म्हणाली, की रस्त्यात एका माणसाची गाडी बंद पडली होती, त्याच्यासाठी फिरलो. कोनिस्बायने मान हलवली. बाकीच्या दोघांनीही हलवली.

साघिंदिकचा चेहरा बदलला. उघड्या रानात अडकलेल्या माणसासाठी उशीर झाला, यावर कुणीही अदाय काय बोलणार? तो बाजूला झाला. नर्सला म्हणाला, घ्या यांना आधी, कापायची तेवढी कापा, बाकीचं बघू.

इथे बातिमाने गप्प बसायला हवं होतं. कुणीही बसलं असतं. पण ती चौघंही तिच्याकडे अशा मायेने बघत होती, की तिला ते अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

"फिरलो ते खरं," ती म्हणाली. "पण आधी मी त्याला टाकून पुढे गेले. आणि उशीर त्याच्यामुळे नाही, मी रस्ता चुकले म्हणून. परत गेलो तेव्हा तो नव्हताच."

कोनिस्बायने कपाळावर हात मारला. "तुझ्या तोंडाला ब्रेक नाही का गं?"

साघिंदिक परत तिच्यासमोर आला. मग त्याने विचारलं, "हात केला होता त्याने?"

"केला होता."

"आणि तू गेलीस."

"गेले."

"उशिराचं मी काहीतरी केलं असतं," तो म्हणाला. "रस्ता काय, कुणीही चुकतं. पण गावांकडचा फेरा आता तुला देता येणार नाही. उद्या तू पुन्हा कुणाला तरी टाकून जाशील, आणि तो माझ्या मामाचा मुलगा निघेल." त्याने भिंतीवरच्या दोन किल्ल्यांपैकी दुसरी काढली. "शहरातला फेरा घे. तिथे कुणी तहानेने मरत नाही."

बातिमाने किल्ली घेतली. नोकरी राहिली होती. आणि शहरातले सगळे आकडे तिच्या गळ्यात पडले होते. त्या दिवशी रुग्ण यंत्रावर असेपर्यंत ती दाराबाहेरच्या बोळातून इकडून तिकडे चालत राहिली. शेवटी नर्सने दार उघडून सांगितलं, की आपा, एक तर बसा नाहीतर लांब जाऊन चाला, यंत्राची घंटी ऐकू येत नाही. उल्मेकेन आपा बाहेर आली तेव्हा तिचे घोटे बुटांवरून ओघळले होते. बातिमाने ते बघितलं. आपाने खिशातून चीजचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. "खा. मला बंदी आहे."

आता रविवारी जावई घरी असला की बातिमा त्याची मोटार घेऊन निघते आणि विभाग पाठ करते. समुद्र उजवीकडे, समुद्र डावीकडे, असं मोठ्याने म्हणत जाते. वर हा शब्द तिने चाकामागे बंदच केला आहे. पण दुसरी एक खोड जडली आहे. रस्त्याकडेला उभा असलेला कुठलाही माणूस दिसला की तिचा पाय ब्रेकवर जातो. मग तो बसची वाट बघत असो, सिगारेट ओढत असो नाहीतर बायकोशी भांडून खाली उतरलेला असो. शहरातले रुग्ण पहिल्यांदा हसले, आता वैतागतात.

परवाच एक तरुण मोटारीला टेकून उभा होता. बातिमाने व्हॅन त्याच्यापाशी लावली आणि काच खाली केली.

"काय झालं?"

"कशाला?"

"गाडी बंद पडलीय?"

"नाही आपा. बायको वरून येतेय, पर्स विसरली."

"पाणी आहे का?"

"अहो बाई," मागून एक म्हातारी ओरडली, "तो घरासमोर उभा आहे स्वतःच्या. चला ना."

बातिमाने गिअर टाकला. पण आरशातून ती त्याच्याकडे बघत राहिली, बायको खाली येते की नाही ते. बायको आली, हातात लाल पर्स, दोघं गाडीत बसले. तोवर तिला घ्यायचं होतं ते नवव्या विभागाचं वळण मागे गेलं होतं.