सुषमादीदीची ‘नववी’

सुषमा मेश्राम खुर्चीवरून उठताना हाताचा आधार कधी घेत नसत. पंजांवर भार दिला की एका झटक्यात उभ्या. मी ऑफिसात नवा होतो, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “खो भेटल्यावर हात टेकाले वेळ कुठं राह्यते?”

रेल्वे कॉलनीच्या मैदानावर त्या खो-खो खेळत वाढल्या होत्या. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर रायपूरच्या बूढापारा वस्तीतल्या दोन खोल्यांत मायलेकीच राहिल्या. पुढे दीदींची मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि मैदान सुटलं. शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या नवा रायपुरातल्या एका खासगी कंपनीत आम्ही रस्त्यांचे आणि इमारतींचे आराखडे संगणकावर काढायचो. डबा खाताना दीदी खिडकीकडे तोंड करून बसत. खाली भला रुंद रस्ता, दिवे, कडेला ओळीनं लावलेली झाडं, आणि चालणारं माणूस एकही नाही.

“मंगेश, हे शहर नाही,” त्या एकदा म्हणाल्या. “हे अंतराळातलं जहाज हाय. सारे झोपून राहिले.”

तिथून ‘नववी’ सुरू झाली. हा संगणकावरचा खेळ होता, आम्ही दोघांनीच रविवारी बसून बनवलेला. एक जहाज दूरच्या ग्रहाकडे निघालंय. आठ बायका एका ओळीत झोपल्यात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, जशा खो-खोत बसतात तशा. नववी जागी. जहाजात शिरणाऱ्या सावल्यांचा पाठलाग तिनं करायचा. पण झोपलेल्यांची ओळ ओलांडायची नाही, मागे वळायचं नाही. दम संपत आला की झोपलेल्या एकीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ द्यायचा आणि तिच्या जागेवर आपण पडायचं. जी जागी असते तिचं वय भराभर वाढतं. त्यामुळे प्रत्येक जण उठते तेव्हा शेजारची म्हातारी झालेली असते.

मी म्हटलं, दीदी, पळणारीचे कपडे जरा चमकदार करू. त्यांनी मान हलवली. “पळणारीले सारेच पाह्यते. तू बसलेलीची पाठ नीट काढ. तिले फक्त पाठच असते.”

आठवड्यातून दोनदा समता कॉलनीतल्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस असे. मी लॅपटॉप घेऊन जायचो. एका हातात सुया, दुसऱ्या हातानं त्या जहाजाच्या भिंती रंगवायच्या. पाय आखडले की डोळे मिटून घ्यायच्या आणि थोड्या वेळानं विचारायच्या, “कुठं होतो आपण?” दुखतंय का, असं विचारलेलं त्यांना आवडत नसे. “दुखणं चालू राहू दे, तू काहून थांबून राहिला?”

बेंगळुरूच्या एका कंपनीला आम्ही खेळाचा नमुना पाठवला. तिथल्या साहेबांचा फोन आला. “खो-खो बाहर कौन समझेगा? हाथ में बंदूक दे दो.”

दीदी शांतपणे म्हणाल्या, “नहीं समझेंगे तो सीखेंगे. हमने भी सीखा था.”

साहेब म्हणाले, इथे खेळांचं प्रदर्शन आहे, घेऊन या. लोक रमले तर खो ठेवू.

दीदींच्या आईंनी नको म्हटलं. जायचा-यायचा प्रवास धरला तर डायलिसिसचा दिवस मध्ये येत होता. “तिथल्या दवाखान्यात सोय केली,” दीदींनी सांगितलं. आईंनाही, मलाही. आम्ही रेल्वेनं गेलो. उतरल्यावर मला स्टॉल मांडायला पाठवून त्या सकाळभर गायब होत्या. मला वाटलं, दवाखान्यात असतील.

प्रदर्शनात एक बाई खेळायला बसली आणि सारखी हरू लागली. दीदी तिच्यामागे उभ्या होत्या. चेहरा सुजलेला, श्वास वरवरचा. “आप खो नहीं दे रही हैं,” त्या म्हणाल्या. “अकेली कितना दौड़ेंगी?” बाईनं खो दिला. दुसरी उठली, आणि आतापर्यंत पळणारी पांढऱ्या केसांनी तिच्या जागेवर आडवी झाली. बाई पडद्याकडे बघत राहिली, मग पुन्हा पहिल्यापासून खेळली. मागे रांग लागली. साहेब येऊन म्हणाले, “ठीक है. खो रहने दो.”

दीदी हसल्या आणि खाली बसल्या. त्यांना उठता येईना.

छातीत पाणी भरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं डायलिसिस कधी झालं? तेव्हा मला कळलं की इथे कसली सोय केलेलीच नव्हती. ती सकाळ त्यांनी धर्मशाळेत पडून काढली होती. दवाखान्यात गेलं की दिवस तिथेच जाईल आणि नंतर उभं राहवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

“मले काहून नाही सांगितलं, दीदी?”

तोंडावरचा मास्क बाजूला करून त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तं तू येऊ देल्लं नसतं.”

पुढे त्या बोलल्या नाहीत. कळवल्यावर निघालेल्या आई अजून गाडीत होत्या. त्या पोचायच्या आतच सगळं संपलं.

खेळाचा शेवटचा भाग दीदींच्या डोक्यात होता. मी दोनतीनदा प्रयत्न केला, जमलं नाही. बेंगळुरूहून फोन यायचे तेही हळूहळू थांबले.

बऱ्याच दिवसांनी आईंनी बोलावलं. दीदींच्या टेबलाशी बसून म्हणाल्या, “दाखव मले. काय करत होती ते पाहू दे.”

मी टेबलावरचा दीदींचा संगणक सुरू केला. त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. झोपलेल्या बायकांवरून बोट फिरवू लागल्या. “हे पुष्पा. हे वंदना, भिलाईले देल्ली. हे टीटीची पोरगी.” मैदानावरचा जुना संघ होता तो. इतके दिवस मी ते चेहरे दीदींनी मनानं काढलेले समजत होतो.

“पोचते कुठं हे जहाज?”

“नाही पोचत, आई. ते काम राह्यलं.”

“मंग पुरं झाल्यावर न्यायचं होतं. अर्धंच घेऊन काहून गेली?”

खो राहावा म्हणून गेल्या, हे त्या खोलीत मला बोलवेना.

“लोक येते, म्हणते, पोरीनं मोठं काम केलं,” आई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मले काय करायचं हाय कामाचं? हे घेऊन जा बापा. घरात नको.”

मी तारा काढल्या. आईंनी जुनी चादर दिली, तिच्यात संगणक गुंडाळला. गल्लीतून स्कूटर बाहेर काढेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मी वळायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं.