बनाबाईच्या हातचा भंडारा

बनाबाईला रागवायला कारण लागत नाही, असं विट्याकडच्या त्या वाडीत सगळेच म्हणत. त्या सकाळी मात्र कारण होतं, आणि चांगलं सणसणीत होतं.

दिवाळी सरली की वाडीतली मेंढरं पाटणच्या अंगाला चरायला निघतात, ती पावसाळ्याच्या तोंडाला माघारी येतात. निघताना घरची थोरली बाई ताटात हळदीचा भंडारा घेते. आधी पुढच्या मेंढ्याच्या कपाळाला लावते, मग जाणाऱ्या प्रत्येक माणसाला. वीस-बावीस वर्षं ते ताट बनाबाईकडं होतं. नवरा भाऊसो दम्यानं खाटेला खिळल्यावर मेंढरं राखली तीही तिनंच. श्रावणात भाऊसो गेला. बायांनी बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तिनं दात आवळून सोसलं.

आणि आज ताट सुनेच्या हातात! पल्लवी बिचारी कोपऱ्यात अंग चोरून उभी. ताट दिलं होतं दिरानं, अर्जुनानं.

"वैनी, राग मानू नगा. औंदा पल्लवी लावंल. तुमास्नी तर ठावंच हाय."

"काय ठावं हाय? तोंडानं बोल की!"

"न्हाई, म्हंजी... लांबचा पल्ला हाय. निघताना इधवेचा हात नगं."

बनाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. लांडगा कळपात शिरला तेव्हा हाच अर्जुना बाभळीवर चढून बसला होता, आणि काठी घेऊन धावली होती ती. तेव्हा हात चालला. आता विटाळला होय!

"आरं, कुकू नवऱ्याचं हुतं. त्यो गेला, तुमी पुसलंसा, मी गप बसले. भंडारा बिरोबाचा हाय. बिरोबा मेलाय का रं?"



ती नवी नवरी होती तेव्हा सासऱ्यानं, बिराप्पानं, तिला हे ताट समजावून दिलं होतं. म्हातारा म्हणायचा, भंडारा नटायला नसतो. मेंढराजवळ कुठं आरसा असतो? कपाळात माणसाचा मीपणा बसतो, त्याच्यावर देवाचा अंगठा उठवायचा. लावणाऱ्यानंही आपला हात आपला नाही असं समजूनच लावायचा. तिनं एवढी वर्षं तसाच लावला. आणि आज हा बाभळीवरचा मर्द तिला सांगतोय हात कुणाचा ते!

तिनं पल्लवीच्या हातून ताट घेतलं. भंडाऱ्यात बोटं बुडवून आधी स्वतःच्या कपाळावर फासला, नाकापर्यंत. मग मेंढ्याला लावला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" ती ओरडली. मागून एकट्या पल्लवीचा बारीक आवाज आला. अर्जुना तोंड फिरवून वाटेला लागला. तिचा लेक मल्हार तेवढा पुढं झाला, वाकला. तिनं लावला. तिला वाटलं, बास, एवढं पुरं.

मेंढरं निघाली. ओढ्यापाशी अर्जुना मल्हारच्या कानाला लागला, आणि मल्हारनं खांद्यावरच्या टॉवेलनं कपाळ पुसलं. चोरून. पण दारात उभ्या बनाबाईला ते लख्ख दिसलं.

"मल्हाऱ्या! माघारी ये!"

अख्खी वाडी बाहेर आली. मल्हार खाली मान घालून आला. "आये, काका म्हनलं, वाटंत एखादं जनावर मेलं तरी लोक तुलाच नावं ठेवत्याल. म्हनून पुसलं."

राग तिला माहीत होता. पण हे पोटच्या पोरानं केलं, आणि वर तिच्याच भल्यासाठी!

"व्हय? मग माझं बी पूस."

"आये..."

"घे त्यो टॉवेल. बायांनी कुकू पुसलं, तू भंडारा पूस. तुझ्या हातानं. म्हंजी कुणी नावं ठेवायला नगं."

ती त्याच्यापुढं कपाळ करून उभी राहिली. मल्हारनं टॉवेल धरला, हात वर नेला, तो तसाच अधांतरी राहिला. पलीकडून अर्जुना हाका मारत होता. मल्हारच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"न्हाई जमत, आये."

"मग वाक."

तो वाकला. तिनं स्वतःच्या कपाळावरचा भंडारा घेऊन त्याच्या कपाळावर अंगठा एवढा दाबला की पोरगं कळवळलं, तरी तिनं काढला नाही.

"आता ह्यो घामानं जाऊ दे," ती म्हणाली. "हातानं न्हाई."