लाँचचं इंजिन आणि काकूचं टेबल

माझे काका दिवसभर गाडीत बसतात, पण गाडी चालवत नाहीत. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. त्यांच्या सीटसमोर स्टिअरिंग नाही, पायाशी फक्त एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच. गाडी दुसऱ्याच्या हातात, जीव आपला, आणि तोंडात एकच शब्द: हळू. हा शब्द ते कितीतरी तऱ्हांनी म्हणतात. साधं वळण आलं की नुसतं "हळू." समोर ट्रक आला की "हळूऽऽ, हळू हळू हळू." भिंत आली की "ह" इतकंच, कारण तोवर ब्रेक लागलेला असतो. आणि घरी काकू भांडी आपटायला लागली की शब्द न उच्चारता नुसता तळहात खाली दाबतात. शिकाऊ मंडळी त्यांना पाठीमागे हळूसर म्हणतात. तोंडावर सर म्हणतात, पण मधे एक क्षण थांबतात, आणि त्या थांबण्यात सगळं येतं.

हे सगळे 'हळू' मला जमतात. मला तसे सगळ्यांचेच आवाज जमतात. शाळेची घंटा, मुख्याध्यापिकाबाईंचं घसा साफ करणं, आमच्या बाथरूमच्या नळाचं रडणं. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, काका-काकू खाली. मी जिन्यात उभी राहून काकूच्या आवाजात "अहो, गॅस बंद करा" म्हटलं की काका खरंच उठून जातात. या विद्येचा घरात कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. तो झाला तो काकांना झाला, आणि देव करो असा उपयोग पुन्हा कुणाला न होवो.

काकांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: एक गाडी, जिचं स्टिअरिंग त्यांच्या हातात असेल आणि जिच्यात शेजारी बसून कुणी हळू म्हणणार नाही. साधी गाडी नको होती. हॉट रॉड हवी होती. म्हणजे काय, हे त्यांनी मला समजावलं होतं आणि मी ते वर्गात अशा थाटात सांगत फिरत होते की जणू दोन-चार मीच बांधल्यात. जुनी गाडी घ्यायची, तिचं टप कापून खाली आणायचं, बॉनेट काढून टाकायचं, पुढे जुन्या जमान्यातलं दांडगं इंजिन उघडंनागडं बसवायचं, आणि मग असं निघायचं की गल्लीतली माणसं खिडकीत आली पाहिजेत. गाडीचा सांगाडा मागच्या शेडमध्ये कधीचा पडून होता. टप कापून झालं होतं. किंबहुना जरा जास्तच कापून झालं होतं, त्यामुळे ते काढूनच टाकावं लागलं. फक्त इंजिन नव्हतं. इंजिनाच्या जागी काकूने एकदा बटाट्याची टोपली ठेवली होती, तेव्हा दोन दिवस काका कुणाशी बोलले नाहीत.

काकू पडदे शिवते. आधी घरच्यांचे शिवायची, मग शेजाऱ्यांचे, आता एका हॉटेलचं काम आलं होतं. एवढं लांब कापड जमिनीवर बसून कापताना तिचे गुडघे बोलायला लागले होते. (ते कसे बोलतात तेही मला जमतं, पण काकूसमोर करत नाही.) तिला लांबलचक टेबल हवं होतं आणि टेबलाला जागा फक्त शेडमध्ये होती. तिने भांडण केलं नाही. तिने सुताराला माप दिलं आणि जेवताना काकांना शांतपणे सांगितलं की सुतार टेबल घेऊन येईल त्या दिवशी तुमची गाडी स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर गेली, तर शेड तुमची, मी पुन्हा शब्द काढणार नाही. ढकलत न्यावी लागली, तर ती तशीच ढकलत भंगारात जाईल. काकांनी तळहात खाली दाबला. काकूने त्या हातावर वरणाची वाटी ठेवली.

म्हणून मग आम्ही दोघं भंगारवाल्याकडे गेलो. काका नेहमी मला नेतात. त्यांचं म्हणणं, माझा कान तयार आहे. माझंही तेच म्हणणं होतं.

भंगारवाला हा प्राणी विकायला उत्सुक नसतो. तो एका मोडक्या बसच्या सीटवर बसून दात कोरत होता आणि प्रत्येक वाक्य अर्धं सोडून देत होता, उरलेलं आपण उचलावं म्हणून. इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं. ताडपत्री काढली आणि काकांचा श्वासच थांबला. मोठं, काळं, आठ सिलिंडरचं, आमच्या सगळ्यांच्या जन्माआधीचं. भंगारवाला म्हणाला, तळ्यावरच्या लाँचचं आहे, लाँच मोडीत काढली, जोडी होती, एक गेलं, हे राहिलंय. काकांना ते 'राहिलंय' फार लागलं. त्यांनी इंजिनावर असा हात ठेवला की जणू ते विधुर झालंय.

भाव त्याने इतका कमी सांगितला की काकांना घासाघीस करायलासुद्धा संकोच वाटला. त्यांनी लांब पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरलं. स्पार्क प्लग काढून पाहिले, तेही चांगले. आता एकच राहिलं होतं: आवाज. पण इंजिन जमिनीवर पडलेलं, ना टाकी ना बॅटरी, चालू कसं करणार? काकांनी विचारलं, चालायचं तेव्हा आवाज कसा यायचा हो? भंगारवाल्याने दातातली काडी काढली, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "असा... भरीव."

आता एवढ्यावर गप्प बसले असते तर मी मी कसली. मी म्हटलं, असा का? आणि सुरू केलं. आधी पोटातून घुमवायचं, मग तो घुमारा गालात आणायचा, आणि मधूनच एक ठोका चुकवायचा, कारण जुनी मोठी इंजिनं सावकाश चालताना एक ठोका गिळतात. मग ॲक्सिलरेटर दिला. मग सोडला. सोडल्यावर नळीतून जी फटफट येते तीसुद्धा दिली, ती कुणी मागितली नव्हती. भंगारवाला म्हणाला, "हां. अगदी असाच." त्याने ते इंजिन कधी चालू ऐकलं होतं की नाही देव जाणे. पण काकांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "गाडीत भरा."

थोडक्यात, माझ्या काकांनी ते इंजिन विकत घेतलं नाही. त्यांनी माझं तोंड विकत घेतलं आणि सोबत लोखंड फुकट मिळालं.

पुढचे आठवडे शेडमध्ये आम्ही राबलो. म्हणजे काका राबले आणि मी "बसलं का?" असं विचारत राहिले. इंजिन बसलं, एका जुन्या गाडीचा गिअरबॉक्स त्याला जुळवला, समोर रेडिएटर आणि पंखा लागला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा मधला शाफ्ट यायचा होता, तरी काकांना धीर धरवेना, म्हणून एका दुपारी नुसतंच चालू करून पाहिलं. आणि ते चालू झालं. आवाज माझ्यापेक्षा बरा नव्हता, पण मी मोठेपणाने ते बोलून दाखवलं नाही.

काकू चहा घेऊन आली आणि गाडीसमोर उभी राहिली. रेडिएटरमधून गरम वारं थेट तिच्या तोंडावर आलं आणि तिचे केस मागे गेले. ती म्हणाली, पंखा वारं आत ओढतो ना? शाळेच्या बसचा तर ओढतो, पुढच्या जाळीला कागद चिकटतो. काका हसले. म्हणाले, "अगं, जोर बघ त्याचा." मीही हसले, दोन जाणकार जसे तिसऱ्याला हसतात तशी. काकू चहा ठेवून गेली. तो चहा उघड्यावर होता, त्यात धूळ बसली, आणि आम्ही तो तसाच प्यायलो. कारण आम्ही मेकॅनिक होतो.

सुतार आला त्या सकाळी शाफ्ट लागून फक्त एक रात्र झाली होती. सुताराने टेबल फाटकाबाहेर कंपाउंडला टेकवून ठेवलं आणि तमाशा बघायला स्वतःही टेकला. गाडीचं तोंड फाटकाकडे होतं. काका आत बसले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी शेजारच्या सीटवर, म्हणजे आयुष्यभर ते बसले त्या सीटवर. काकू पायरीवर हात बांधून उभी. बोलणं झालं होतं, आता फक्त गाडीने फाटक ओलांडायचं होतं.

इंजिन लागलं. काकांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, हँडब्रेक सोडला, क्लच हळूच उचलला, आणि आम्ही मागे गेलो. मागच्या फळीवरचे रंगाचे डबे खाली आले. एक उघडा होता.

काकांचा चेहरा मला कधी विसरता येणार नाही. पहिल्याऐवजी रिव्हर्स टाकणं ही त्यांच्या शाळेतली सर्वांत नामुष्कीची चूक. त्यावर ते पहिल्याच दिवशी अर्धा तास बोलतात. त्यांनी गिअरचा दांडा पाहिला. पहिलाच होता. बाहेर काढला, पुन्हा बसवला, पुन्हा क्लच सोडला, आणि दुसऱ्यांदा आम्ही फळीला जाऊन भेटलो.

काकू पायरीवरून म्हणाली, "अहो, शिकवणारे तुम्हीच ना?"

सुताराने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

काकांनी इंजिन बंद केलं आणि भंगारवाल्याला फोन लावला. स्पीकर सुरूच होता, त्यामुळे सुतारासकट सगळ्यांनी ऐकलं. तो पलीकडून अर्ध्या अर्ध्या वाक्यात सांगत होता की लाँचला दोन इंजिनं असतात, एक असं फिरतं, एक तसं. दोन्ही एकाच बाजूला फिरली तर लाँच एका अंगाला ओढत राहील ना. तर हे तसं, म्हणजे गाडीच्या इंजिनाच्या उलटं फिरणारं. म्हणून तर कुणी नेत नव्हतं. म्हणून तर भाव...

"मग तेव्हा सांगितलं का नाही?" काकांनी विचारलं.

"जोडी होती म्हणालो की. पुढं विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही त्या मुलीचं ऐकत होतात."

हे वाक्य तो तेवढं पूर्ण बोलला. मी जमिनीवर सांडलेल्या रंगाकडे पाहत राहिले. हिरवा होता.

काकांनी फोन खिशात टाकला. मला वाटलं, आता ते उतरतील, सुताराला म्हणतील जरा हात लावा, आणि आम्ही सगळे मिळून ती गाडी ढकलत भंगारात नेऊ, आणि मी जन्मभर कुठलाच आवाज काढणार नाही. पण त्यांनी पुन्हा चावी फिरवली. गिअरचा दांडा धरला, घसा साफ केला, आणि अख्ख्या नोकरीत त्यांनी कुणाला करू दिलं नसतं ते केलं: समोर बघून रिव्हर्स टाकला.

गाडी पुढे निघाली.

रिव्हर्स गिअर ओरडतो. सारखा, दाढ दुखल्यासारखा. ते दांडगं इंजिन, तो उघडा पंखा, तो कापलेला सांगाडा, आणि वेग इतका की पिशवी घेऊन चाललेल्या एका आजोबांनी आम्हाला मागे टाकलं आणि वळून हात केला. पण खिडक्या उघडल्या. गल्लीतली माणसं खरंच खिडकीत आली. काका ताठ बसले होते. आम्ही फाटक ओलांडलं, विजेच्या खांबापर्यंत गेलो आणि थांबलो. परत येताना गंमत झाली: मागे यायला गाडीला तीन गिअर होते, आणि आम्ही कधी नव्हे इतक्या झोकात उलटे घरी आलो.

काकूने तेही पाहिलं. म्हणाली, "म्हणजे बाहेर जायला एक गिअर आणि घरी यायला तीन. नवरा घेताना ही सोय असती तर." मग हात सोडले आणि म्हणाली, "शब्द तो शब्द. शेड तुमची." आणि आत गेली. सुताराला सांगून गेली की टेबल परत न्या, बघू पुढं कधीतरी.

काका जिंकले होते. जिंकलेला माणूस इतका गरीब दिसताना मी पाहिला नव्हता. ते गाडीत बसल्या बसल्या टेबलाकडे बघत राहिले. पलीकडे, उघड्या दारातून, काकू जमिनीवर कापड पसरत होती आणि खाली बसताना एक हात खुर्चीला धरत होती. काका उतरले. सुताराकडचा टेप घेऊन त्यांनी गाडीची उंची मोजली. टप नव्हतंच. मग टेबलाची मोजली. मग सुताराला म्हणाले, "पाय थोडे वाढवता येतील?"

आता शेडमध्ये गाडीवर टेबल उभं आहे. इंजिन पुढे बाहेर डोकावतं, बाकी सगळ्या गाडीवर हॉटेलचे पडदे पसरलेले असतात. काकू उभ्याने कापते. खाली काका मागचा ॲक्सल सोडवून उलटा बसवतायत. तसं केलं की चाकं सुलट फिरतील आणि पुढे जायला तीन गिअर मिळतील, असं त्यांचं म्हणणं आहे. मी यावर मत दिलेलं नाही. गाडीत बसून ती बाहेर काढायची तर आधी टेबल उचलायला लागतं, आणि त्यावर कापड असेल तर काकू कुणाला हात लावू देत नाही. म्हणून हल्ली गिऱ्हाइकांना फोन करायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलंय. संध्याकाळी शिकवणीहून आले की शर्टही न बदलता बसतात आणि एकेकाला अगदी अजिजीने विचारतात, "नमस्कार, तुमचे पडदे तयार आहेत. कधी नेताय?"